घटक ५ : महाविद्यालयीन युवकांमधील जोखमीचे मद्यपान आणि त्याचा प्रतिबंध

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• 'व्यसन' आणि 'जोखमीचे मद्यपान' यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• पेयातील मद्यार्काचे प्रमाण मोजता येईल.
• पहिल्या प्याल्यामागील सामाजिक आणि भाषिक कारणांची चिकित्सा करता येईल.
• आपल्या परिसरातील महाविद्यालयासाठी प्रतिबंधाचा आराखडा आणि त्यासाठी आवश्यक मराठी मजकूर तयार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दारूच्या विरोधात मराठीत लेखन आणि प्रबोधन करण्याची परंपरा जुनी आहे. १८८० मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. १९१९ मध्ये राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक रंगभूमीवर आले. संत गाडगेबाबांच्या कीर्तनांनी आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा विषय खेड्यापाड्यांत नेला. पुढे अनेक गावांतील स्त्रियांनी दारूची दुकाने बंद करण्यासाठी आंदोलने उभारली.

या परंपरेने मराठी मनावर एक चित्र कोरले आहे. कर्ता पुरुष, भरला संसार, दारूचे व्यसन आणि त्यातून होणारी वाताहत. चित्र खरे आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते आपल्या आळीत किंवा घरातही पाहिले असेल. तथापि, पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला हे चित्र दाखवले, तर तो त्यात स्वतःला पाहत नाही. त्याला संसार नाही. तो रोज पीत नाही. महिन्यातून एकदा मित्रांसोबत पितो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हजर असतो. 'हे माझ्याविषयी नाही', असा निष्कर्ष तो काढतो, आणि प्रबोधन त्याच्या बाजूने निघून जाते.

प्रस्तुत घटकात आपण या मुलाचा विचार करणार आहोत. आपल्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकतात. काहींची मुले आज महाविद्यालयात आहेत. त्यामुळे हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ जोखमीचे मद्यपान म्हणजे काय?

व्यसन, म्हणजे मद्यावरील अवलंबित्व, हा आजार आहे. त्यात पिण्याची अनावर ओढ, प्रमाणावरील ताबा सुटणे, न मिळाल्यास हात थरथरणे किंवा झोप उडणे अशी लक्षणे दिसतात. हा आजार जडण्यास सहसा काही काळ जावा लागतो. जोखमीच्या मद्यपानाला तसा काळ लागत नाही. ज्या पिण्यामुळे स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता वाढते, ते जोखमीचे मद्यपान होय. आयुष्यात पहिल्यांदाच प्यालेला मुलगा त्याच रात्री मोटारसायकल चालवत घरी निघाला, तर तो व्यसनी नाही. परंतु त्याची जोखीम मोठी आहे.

तरुण वयातील हानी बहुतेक वेळा याच प्रकारची असते : वाहन अपघात, मारामारी, बुडणे, पडणे, नको असलेला किंवा बळजबरीचा लैंगिक संबंध, मद्याची विषबाधा, आणि त्याखेरीज बुडालेली सत्रे व परीक्षा. मेंदूचा, विशेषतः निर्णय आणि संयम यांच्याशी संबंधित भागाचा विकास वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. लहान वयात पिण्यास सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे अवलंबित्व निर्माण होण्याचे प्रमाण अधिक आढळते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

५.३.२ मोजमाप : 'थोडीशी' म्हणजे किती?

'थोडीशीच घेतली' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. या 'थोडीशी'चे मोजमाप करता येते. पेयातील शुद्ध मद्यार्काचे वजन काढण्याची रीत अशी :

पेयाचे मिलिलिटर × बाटलीवरील मद्यार्काची टक्केवारी ÷ १०० × ०.८ = मद्यार्काचे ग्रॅम

१० ग्रॅम मद्यार्क म्हणजे एक 'प्रमाण पेय' असे आपण धरू. आता काही उदाहरणे पाहू.

• ३० मिलिलिटरचा एक पेग (व्हिस्की, रम इत्यादी, ४२.८ टक्के) : सुमारे १० ग्रॅम
• सौम्य बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली (५ टक्के) : २६ ग्रॅम
• स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली (८ टक्के) : सुमारे ४२ ग्रॅम
• १८० मिलिलिटरची क्वार्टर (४२.८ टक्के) : सुमारे ६२ ग्रॅम

'बिअर म्हणजे दारू नव्हे' हा समज महाविद्यालयांत सर्रास आढळतो. वरील आकडे पाहता स्ट्राँग बिअरची एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची ठरते. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क घेणे याला जागतिक आरोग्य संघटना 'प्रासंगिक अतिमद्यपान' मानते. एक क्वार्टर किंवा स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या ही मर्यादा ओलांडतात. हातभट्टीच्या दारूला मात्र हे गणित लावता येत नाही. तिच्यात किती मद्यार्क आहे आणि विषारी मिथेनॉल मिसळले आहे की नाही, हे पिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

यकृत साधारणपणे तासाला एका प्रमाण पेयाइतका मद्यार्क शरीराबाहेर काढते. स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्यांचा अंमल उतरण्यास त्यामुळे आठ तास लागू शकतात. रात्री अकराला उठलेली बैठक सकाळी सहाच्या प्रवासातही शरीरात असते. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कडक कॉफी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. उपाशीपोटी प्यायल्यास, वजन कमी असल्यास आणि स्त्रियांच्या बाबतीत तेवढ्याच पेयाने रक्तातील प्रमाण अधिक चढते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ३३० मिलिलिटरच्या, ५ टक्के मद्यार्क असलेल्या बिअरच्या दोन डब्यांत एकूण किती ग्रॅम मद्यार्क असतो?
(आ) 'जोखमीचे मद्यपान करणारा प्रत्येकजण व्यसनी असतो.' हे विधान चूक की बरोबर?

५.३.३ पहिला प्याला : सोबत आणि समज

'एकच प्याला' हे नाटक आपण सहसा शेवटाकडून आठवतो. सिंधूचे दारिद्र्य आणि सुधाकराचा अंत मनात घर करून राहतात. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र नाटकाचा आरंभ अधिक उपयुक्त आहे. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील आहे. न्यायालयातील वादामुळे त्याची सनद काही काळ रद्द होते. अपमानाने तो पोळलेला असताना तळीराम त्याच्यासमोर चिंतेवरचा उपाय म्हणून प्याला ठेवतो. तळीराम परका नाही, तो सुधाकराच्या रोजच्या संबंधातला माणूस आहे. नाटकातील 'आर्य मदिरा मंडळ' पाहा : तेथे पिण्याला तत्त्वज्ञान आहे, विनोद आहे, मैत्री आहे. मनाची दुखरी अवस्था, ओळखीचा माणूस आणि हसतीखेळती मंडळी या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिला प्याला पुढे येतो, हे गडकऱ्यांनी अचूक टिपले आहे.

आजच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते : 'सगळेच घेतात' हा समज. अमेरिकेतील वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले सोबती जितके पितात त्याहून पुष्कळ अधिक पितात, अशी तेथील विद्यार्थ्यांची कल्पना होती. या चुकीच्या कल्पनेशी जुळवून घेण्यासाठी अनेकजण आपले पिणे वाढवतात. पिणारे चौघे आवाज करतात. न पिणारे सोळाजण आपापल्या खोलीत असतात. मोजणी आवाजाची होते, माणसांची होत नाही.

महाराष्ट्राचे चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के मद्यपान करतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सर्वेक्षणात काहीजण खरे सांगत नाहीत, हे गृहीत धरून पुरुषांचा आकडा दुप्पट केला, तरी दहांपैकी सात पुरुष न पिणारेच उरतात. 'सगळेच घेतात' हे विधान मोजणीला टिकत नाही.

५.३.४ भाषेचा पडदा

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाच्या भाषिक बाजूकडे विशेष लक्ष द्यावे. दारू पिण्याला आपल्या बोलीत अनेक आडवळणाचे शब्द आहेत. 'बसायचं का?', 'थोडी घेतोस का?', 'सोय आहे का?', 'आज पार्टी!' या वाक्यांत दारूचे नाव कोठेही नाही. 'बसणे' हे क्रियापद तर किती निरुपद्रवी! आमंत्रण सोबतीचे असते आणि प्याला त्यात गृहीत धरलेला असतो. त्यामुळे 'नाही' म्हणणाऱ्याला दारू नाकारतो आहोत असे वाटत नाही. मित्रांना नाकारतो आहोत असे वाटते. नकार जड होतो तो या कारणाने.

दुसऱ्या टोकाला 'दारुडा', 'बेवडा', 'पिदाड' असे शब्द आहेत. हे शब्द शेवटच्या अवस्थेला दिलेले आहेत. 'कधीमधी घेणारा' आणि 'दारुडा' या दोहोंच्या मधल्या माणसासाठी बोलीत रुळलेला शब्द नाही. महिन्यातून एकदाच पण एका बैठकीत क्वार्टर संपवून गाडी चालवणारा मुलगा या मधल्या जागेत असतो. त्याला नाव नाही, म्हणून त्याची काळजीही कोणी करीत नाही. 'जोखमीचे मद्यपान' ही संज्ञा रुळवण्याची गरज त्यामुळेच आहे. तिच्यात शिवी नाही आणि सूटही नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) 'सगळेच घेतात' या समजाचा विद्यार्थ्यांच्या वर्तनावर कोणता परिणाम होतो?
(आ) 'बसणे' या शब्दप्रयोगामुळे नकार देणे कठीण का होते?

५.३.५ कायदा : आधार आणि मर्यादा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून त्याखाली मद्यपानासाठी परवाना लागतो. परवान्याचे किमान वय २५ वर्षे आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी ते २१ वर्षे आहे. म्हणजे पदवीच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना कोणतेही मद्य विकणे कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याची मर्यादाही आपल्या राज्याने अनुभवली आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली आणि ती आजही आहे. २०१६ पासून तेथे 'मुक्तिपथ' या उपक्रमाने गावसंघटनांची जोड बंदीला दिली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी आणणे आणि ती टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुकान किती दूर आहे याला महत्त्व आहेच. परंतु मित्राची दुचाकी असली की अंतर मिटते. म्हणून कायद्याच्या जोडीला महाविद्यालयाचे स्वतःचे काम लागते.

५.३.६ महाविद्यालय काय करू शकते?

(१) समज दुरुस्त करणे : वर्गात निनावी चिठ्ठीद्वारे दोन प्रश्न विचारावेत. 'गेल्या महिन्यात तू मद्य घेतलेस का?' आणि 'तुझ्या वर्गातील शंभरांपैकी किती जणांनी घेतले असेल, असे तुला वाटते?' दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहावीत. चर्चा तेथूनच सुरू होते. मिळालेले आकडे प्रामाणिकपणे मांडावेत. सोयीचे नसले तरी बदलू नयेत.

(२) संक्षिप्त समुपदेशन : वॉशिंग्टन विद्यापीठातील अॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संवादाची पद्धत विकसित केली. तिच्यात उपदेश नसतो. विद्यार्थी किती वेळा, किती आणि कोणत्या प्रसंगी पितो हे शांतपणे विचारले जाते. त्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत दाखवले जाते. त्यातून त्याला काय गमवावे लागले हे त्यालाच सांगू दिले जाते. आणि पुढे काय बदलायचे हे तोच ठरवतो. पूर्ण थांबणे हे उत्तमच. परंतु 'गाडी असेल तर घेणार नाही' हा निश्चयही जीव वाचवणारा असतो.

(३) नकाराचा सराव : पथनाट्यात दारुड्याची नक्कल करून हशा मिळवणे सोपे असते. त्याऐवजी आग्रह आणि नकार यांचा प्रसंग बसवावा. 'नको, मी बसतो तुमच्याबरोबर, पण घेणार नाही', 'आज गाडी माझ्याकडे आहे' अशी छोटी, साधी वाक्ये तोंडात बसली की ऐनवेळी आठवतात.

(४) दुःखाची दखल : नापास झालेला, प्रेमभंग झालेला, घरच्या कर्जाने खचलेला विद्यार्थी हा सुधाकराच्या जागी उभा असतो. तळीरामाच्या आधी शिक्षक किंवा मित्र त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

(५) उपचाराची वाट : अवलंबित्वाची लक्षणे दिसल्यास वैद्यकीय मदत घ्यावी. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना दारू एकदम बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजवली. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे.

५.३.७ प्रसंगी जीव कसा वाचवावा?

अतिमद्यपानानंतर हलवूनही जाग न येणे, श्वास अतिशय मंद किंवा अनियमित होणे, ओठ निळसर पडणे, अंग थंड पडणे, बेशुद्धीत उलटी होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे अशा वेळी घातक ठरते. पोटातील मद्य झोपेतही रक्तात उतरत राहते आणि उलटी श्वासनलिकेत अडकू शकते. अशा व्यक्तीला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, बळेच पाणी पाजू नये किंवा उलटी करवू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी कळेल, महाविद्यालयात कळेल या भीतीने मित्र फोन करीत नाहीत. 'मदत बोलावणाऱ्याला शिक्षा होणार नाही' असा नियम महाविद्यालयाने आधीच जाहीर केला, तर ही भीती कमी होईल.

५.३.८ उपयोजन : खुलताबाद तालुका

आतापर्यंतचे विवेचन एका परिसराला लावून पाहू. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद हे सुफी संतांच्या दर्ग्यांसाठी आणि भद्रा मारुतीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. वेरूळची लेणी आणि म्हैसमाळचे पठार याच तालुक्यात येतात. जिल्ह्याचे शहर जवळ आहे आणि जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात बिअर व मद्य तयार करणारे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा आदेश दिला, तेव्हा हा उद्योग राज्यभर चर्चेत आला होता.

अशा तालुक्यातील महाविद्यालयासाठी आराखडा करताना प्रथम जोखमीचे प्रसंग शोधावेत. पावसाळ्यात म्हैसमाळला दुचाकीवरून जाणारे गट, धुके आणि घाटातील वळणे, लग्नाची वरात, गणेश विसर्जन, ३१ डिसेंबरची रात्र, निकालाचा दिवस. प्रत्येक प्रसंगासमोर एक कृती लिहावी. म्हैसमाळच्या सहलीपूर्वी प्रत्येक दुचाकीचा न पिणारा चालक ठरवणे, ही अशीच एक छोटी कृती आहे.

त्यानंतर परिसराचे बळ शोधावे. श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला दूरदूरहून पायी येणाऱ्या भाविकांत तरुणांचे जथे असतात. सोबत, जागरण, गप्पा, थट्टा, थकवा, पोहोचल्याचा आनंद असे 'बसण्या'तून जे हवे असते ते सारे तेथे मिळते. दर्ग्यांच्या उरुसात आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतही ते मिळते. तरुणांची भूक सोबतीची असते. ती भागवणारी क्रिकेट स्पर्धा, गड-लेण्यांची भ्रमंती, भजनी मंडळ, वाचनकट्टा अशी ठिकाणे महाविद्यालयाने वाढवली, तर प्याल्याचे आमंत्रण आपोआप फिके पडते.

५.४ सारांश

जोखमीचे मद्यपान हे व्यसनाहून वेगळे असून ते पहिल्याच रात्री जिवावर बेतू शकते. मद्यार्काचे प्रमाण मोजता येते. बिअर त्याला अपवाद नाही. 'सगळेच घेतात' हा समज आकड्यांना टिकत नाही. आपल्या बोलीतील आडवळणाचे शब्द नकार जड करतात आणि 'दारुडा' हा शब्द मधल्या अवस्थेतील तरुणाला निर्धास्त करतो. कायदा आवश्यक आहे. त्याला समजांची दुरुस्ती, संवाद, नकाराचा सराव, उपचार आणि पर्यायी सोबत यांची जोड हवी. संसाराच्या राखरांगोळीचे चित्र ज्याला लागू पडत नाही, त्याच्याशी पहिल्या प्याल्याविषयीच बोलले पाहिजे.

५.५ पारिभाषिक शब्द

मद्यार्क : दारूतील नशा आणणारे रसायन, इथेनॉल.
प्रमाण पेय : १० ग्रॅम मद्यार्क असलेले पेय.
प्रासंगिक अतिमद्यपान : एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क घेणे.
अवलंबित्व : मद्यावाचून शरीर व मन चालेनासे होण्याचा आजार.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सुमारे २६ ग्रॅम. (आ) चूक.
प्रश्न २ : (अ) काल्पनिक बहुसंख्येशी जुळवून घेण्यासाठी विद्यार्थी अधिक पितात. (आ) आमंत्रण सोबतीचे असल्याने दारूचा नकार हा मैत्रीचा नकार वाटतो.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'एकच प्याला' या नाटकाच्या आरंभातील प्रसंगांच्या आधारे पहिल्या प्याल्यामागील कारणांची चर्चा करा.
२. दारूबंदी आणि प्रतिबंध यांचा परस्परसंबंध सोदाहरण स्पष्ट करा.
३. १९ वर्षांच्या वाचकाला उद्देशून, 'व्यसन' आणि 'सर्वनाश' हे शब्द न वापरता, १०० शब्दांचे भित्तिपत्रक लिहा.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावात दारू पिण्यासाठी वापरले जाणारे आडवळणाचे शब्द आणि वाक्प्रयोग जमवा. ते कोण, कोणाशी आणि केव्हा बोलते याची नोंद करा. बोलणाऱ्यांची नावे लिहू नका. प्रत्येक आमंत्रणाला मैत्री न तोडता देता येईल असे एक मराठी उत्तर शोधा आणि ते संपर्कसत्रात वाचून दाखवा.